आखाजीची विलायती स्वारी

योगराज देवरे यांनी केवळ एक बेअरिंग बदलायचे ठरवले होते. जगातील बहुतेक युद्धे याहून मोठ्या कारणांनी पेटली असतील. परंतु त्यांपैकी एकही धुळ्यातील देवपुरात, ऐन आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर पेटलेले नाही.

त्यांची मोटारसायकल बर्मिंगहॅमला जन्मली, लष्करात वाढली आणि वार्धक्य कंठण्यासाठी देवऱ्यांच्या ओसरीवर येऊन राहिली. दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त होताच योगराजांनी तिला घरी आणले, तेव्हापासून तीही निवृत्तच होती. तिचा गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी. तिच्या नटांना बारा नंबरचा पाना लहान पडे आणि तेराचा मोठा. (योगराज यास 'बाणेदारपणा' म्हणत. त्यांच्या पत्नी सुलक्षणाबाई यास जे म्हणत, ते सणासुदीला उच्चारण्यासारखे नाही.)

"आखाजीपर्यंत ही चालली तर ठीक," सुलक्षणाबाईंनी बजावले, "नाहीतर शकीलभाईंना बोलावून उचलून न्यायला सांगते. लेक माहेरी येणार, तिला झोका बांधायला ओसरी मोकळी हवी."

"चालली तर?" योगराज कडाडले. "अगं, याच गाडीवरून भूमिकेला शिरपूरहून आणतो! नाही आणली, तर मी स्वतः ही गाडी ढकलत नेऊन शकीलच्या दारात उभी करतो."

शब्द गेला. आता गाडी राहणार की जाणार, हे एका बेअरिंगवर येऊन ठेपले.

शकीलभाई जुन्या यंत्रांचे भंगार विकत. विहिरीवरच्या एका गतप्राण ऑइल इंजिनाच्या पोटात अगदी त्याच मापाचे बेअरिंग निघाले.

"योगराजभाऊ, बेअरिंग तिकडे कशाला नेता?" शकीलभाई म्हणाले. "गाडीच इकडे आणा. दोघांना सोबत होईल."

"शकील, ती भंगार नाही."

"सगळे असंच म्हणतात, भाऊ. मग एके दिवशी टेम्पो मागवतात."

खरी अडचण पुढेच होती. जुने बेअरिंग इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या कवचात रुतून बसले होते. ठोकावे तर कवच तडकणार. सर्व बाजूंनी सारखी आच द्यावी तर ते आपोआप सुटणार. सर्व बाजूंनी सारखी आच! योगराजांची नजर मागच्या अंगणात गेली. तेथे चुलीवर सुलक्षणाबाईंचे पुरणाच्या मांड्यांचे मातीचे खापर पालथे होते. ज्यावर हातभर रुंद मांडा कोठेही न करपता भाजला जातो, त्यावर कवच का तापू नये? विज्ञान एकच असते. ते मांड्यांसाठी निराळे आणि इंजिनासाठी निराळे नसते. सुलक्षणाबाई आंबे आणायला बाजारात गेल्या होत्या, हा योगही त्यांना शास्त्रशुद्धच वाटला.

कवच तापले. योगराजांनी दोन सांडश्यांनी ते उचलले, हलकेच हिसका दिला आणि बेअरिंग, शास्त्रात सांगितल्याप्रमाणे, आपोआप सुटले. ते खाली पडणार, एवढेच शास्त्राने सांगितले नव्हते. तापल्या खापराचे दोन तुकडे झाले.

सुलक्षणाबाई एरवी प्रमाण मराठी बोलत. आंब्यांची पिशवी खाली ठेवताच त्या अहिराणीवर आल्या.

"हाई काय कयं तुम्ही? आते मांडा कसावर करू? तुमना डोकावर?"

"खापरही मीच आणीन," योगराज ताठ मानेने म्हणाले. "सोनगीरच्या कुंभाराकडून. याच गाडीवर. लेकही आणि खापरही!"

(मूळ संकट कमी पडले, की शूर माणूस त्यात स्वतःहून भर घालतो.)

आखाजीच्या आदल्या दिवशी गाडी पेटली, म्हणजे सुरू झाली. गल्लीतील बायांनी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया धुराआधीच आत नेल्या. शिरपूरला जावईबापूंनी नम्रपणे स्वतःची कार पुढे केली, ती योगराजांनी तितक्याच नम्रपणे धुडकावली. बाप-लेक निघाले. सोनगीरला खापर घेतले, पोत्यात पेंढा भरून त्यात बसवले, ते पोते दोघांच्या मध्ये ठेवले आणि सुतळीने योगराजांच्या कमरेला बांधून टाकले.

आता गाडी पेटेना.

"आबा, तुम्ही बसा, मी ढकलते," भूमिका म्हणाली.

"ढकल. पण पेटली की मी थांबणार नाही हं. थांबलो तर पुन्हा पेटायची नाही. चटकन मागे बस!"

लेकीने आणि कुंभाराने गाडी रेटली. इंजिनाने असा हुंकार दिला, की कुंभाराचे चाक क्षणभर चळले म्हणतात. पाठीला भार टेकला. लेक बसली, या समाधानात योगराजांनी धुळ्याची वाट धरली.

आणि ते बोलू लागले. दुसऱ्या गिअरच्या पुढे गाडी सरकत नसल्याने बोलायला अवकाश पुष्कळ होता. विलायती पोलाद, स्वावलंबन, कार वापरणाऱ्या पिढीची मनगटे, सुलक्षणाबाईंची अदूरदृष्टी — सारे विषय झाले. "खरे की नाही, बेटा?" असे त्यांनी वारंवार विचारले आणि एकदाही विरोध झाला नाही. देवरे कुळात असे प्रथमच घडत होते. वाटेत एक एसटी भरधाव पुढे गेली. तिच्या खिडकीतून कोणीतरी ओढणी जोरजोराने हलवत होते.

"पाहिलेस?" योगराज मागे न पाहता म्हणाले. "लोकांना अजून पारख आहे!"

घरासमोर त्यांनी विजयी वीराप्रमाणे ब्रेक दाबला. शकीलभाई टेम्पो घेऊन ओट्यावर बसलेच होते. (सुलक्षणाबाई कोणतेही काम शेवटच्या क्षणावर टाकत नसत.)

"घे!" योगराज गरजले. "गाडी आली, खापर आले, लेकही आली! उतर गं भूमिके."

"मी केव्हाच उतरले, आबा," भूमिका घरातून पाण्याचा तांब्या घेऊन येत म्हणाली. "सोनगीरला. पुन्हा बसलेच नव्हते मुळी. किती ओरडले! मग एसटीने आले."

योगराजांनी वळून पाहिले. पाठीला पोते अत्यंत आदराने टेकून बसले होते.

शकीलभाई उठले आणि टेम्पोची फळी सोडू लागले.

"खबरदार!" योगराज गाडीला मिठी मारून म्हणाले. "गाडी स्वतःच्या पायांनी आली आहे!"

"पण आबा," भूमिकेला खोल कुतूहल वाटत होते, "मला दाराशी तुमचा आवाज ऐकू येत होता. कोणाशी बोलत होता?"

"तुझ्याशीच! सोनगीरपासून!"

"सगळी वाट?" सुलक्षणाबाईंनी विचारले. मग त्या बराच वेळ गाडीकडे पाहत राहिल्या. पारखून घ्यावे तशा.

"शकीलभाई, फळी लावा," त्या म्हणाल्या. "गाडी राहणार."

योगराजांची छाती फुगली. "पटले ना शेवटी?"

"पटले," सुलक्षणाबाई खापर सोडवून घेत म्हणाल्या. "झोका मागच्या अंगणात बांधू. तुम्ही मात्र रोज संध्याकाळी सोनगीरपर्यंत जाऊन येत जा. पोते मी देईन."