हुलक्याचा पिंजरा

घाबरणं हा माझा धंदा आहे. तो मी पगार घेऊन करतो, त्यामुळे फुकटात मी कधी घाबरत नाही! अंबडच्या एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. कोणाचा हात यंत्रात जाईल, कोण शिडीवरून पडेल, याची काळजी दिवसभर इतरांच्या वतीनं मी करतो. माझी पद्धत प्रात्यक्षिकाची. तोंडानं सांगितलेलं लोक विसरतात, करून दाखवलेलं डोक्यात बसतं. आता माझं प्रात्यक्षिक चालू असताना कामगार जांभया देतात आणि ते संपलं की हेल्मेट उलटं करून त्यात शेंगा घेऊन बसतात, ही गोष्ट वेगळी.

दुसरं माझं शास्त्र म्हणजे पत्ते. भुवया उंचावू नका, जुगार नव्हे! हे चित्रांचे पत्ते असतात. राक्षस, पक्षी, सरदार, हत्ती. आपले पत्ते समोरच्यावर सोडायचे आणि त्याचा किल्ला पाडायचा. हा नाद मला माझ्या मेहुण्यानं, समर्थनं लावला. आम्ही राहतो इंदिरानगरला आणि सासुरवाडी निफाडजवळच्या एका गावात. रविवार आला की बायकोला, म्हणजे मंजुषाला, मीच म्हणतो, "अगं, आईंना भेटून बरेच दिवस झाले." ती बिचारी सुरुवातीला भारावून जायची. आता नुसती बघते.

तर या खेळात एक जनावर आहे. त्याचं इंग्रजी नाव घेताना जीभ अडखळते, म्हणून आम्ही त्याचं बारसं करून टाकलं, हुलक्या! धुरकट अंग, पिवळे डोळे, दिसायला मांजराच्या जातीचं. त्याचा नियम एकच. त्याला कोणीही अडवू शकत नाही. तुमचे दहा सरदार पहाऱ्याला असू देत, हा त्यांच्या मधून गुपचूप जातो, किल्ल्याचा एक लचका तोडतो आणि परत येऊन बसतो.

या हुलक्यावरून आमच्या घरात जेवढे वाद झाले तेवढे इस्टेटीवरूनही झाले नसतील. समर्थचं मत एकदम कडक. "दाजी, याच्यावर बंदीच घातली पाहिजे!" आणि हुलक्या होता कोणाकडे? समर्थकडेच! जिवापाड जपलेलं, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं कार्ड. स्वतःच्याच पत्त्यावर बंदी मागणारा दुसरा खेळाडू मी पाहिलेला नाही.

त्याची बायको निकिता आमच्यातली सर्वांत बेरकी. तिचं मत वेगळं. "उगाच डोक्यावर चढवलाय त्याला. लचका तोडून तोडून तोडणार केवढा? चिमूटभर! माझा हत्ती एका लाथेत किल्ला पाडतो. तोवर फिरू दे की त्याला."

आणि माझं मत? ते मी त्या रविवारी बाजेवर मांडी ठोकून सांगितलं. "हुलक्याला अडवायचं नाही आणि घाबरायचंही नाही. त्याला आत येऊ द्यायचं आणि दार लावायचं!" माझ्याकडे पिंजऱ्याचा पत्ता होता. गेले तीन रविवार तो माझ्या हातात यायला तयार नव्हता, पण सिद्धांत पक्का होता.

माझ्या सासूबाई बयाबाई शेजारीच मेथी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जावईबापू, इथं खरा फिरतोय अन तुम्ही कागदाचा घेऊन बसले."

खरा म्हणजे बिबट्या. द्राक्षबागेला लागून ऊस, आणि उसात तो. आमच्या सासूबाईंचा मोत्या कुत्रा त्यानं दारातून उचलला होता. तेव्हापासून मजूर बायका बागेत पाय ठेवायला तयार नव्हत्या, आणि द्राक्षं तर काढणीला आलेली. "तो सापडला नाय तर यंदाचा माल वेलीवरच सडंल," असं म्हणताना सासूबाईंच्या हातातली मेथीची काडी थांबली. वनखात्याला फोन करकरून त्यांनी पिंजरा आणवला होता. पुढच्या भागात बिबट्यासाठी मोकळी जागा, मागच्या भागात गजांच्या आड आमिष म्हणून शेळी. शेळीही सासूबाईंचीच, चंपा. ती देताना त्या डोळे पुसत होत्या म्हणे. मला मुलगी देताना पुसल्याचं मला आठवत नाही.

"घाबरू नका आई," मी म्हणालो. "धोका ओळखला की भीती उरत नाही."

"तुमचं बरंय, तुम्ही इंदिरानगरला राहता," असं म्हणून त्या घराकडे गेल्या.

उन्हं उतरायला लागली. आम्ही बागेच्या टोकाला, शेडजवळ खेळत होतो. तिथून पिंजरा चांगला दिसत होता. समर्थनं हुलक्या सोडला आणि त्याच क्षणी माझ्या हातात कोणता पत्ता आला सांगा! पिंजरा! मी आनंदानं असा काही आपटला की बाज हादरली, त्यातच वाऱ्याची झुळूक आली आणि हुलक्या उडाला! आम्ही तिघंही त्याला आडवे गेलो, पण त्यानं आपला नियम पाळला. कोणालाही अडवता आलं नाही. घसरत, कोलांट्या घेत तो थेट पिंजऱ्यात गेला आणि मागच्या गजांमधून चंपाच्या पुढ्यात जाऊन पडला. चंपानं त्यावर पाय ठेवला.

समर्थ रडवेला झाला. "दाजी, आता वनखात्याच्या साहेबांना फोन करू. आपण नको जायला."

"अरे, माझा धंदाच हा आहे," मी म्हणालो. "नीट बघ. आत जमिनीवर लोखंडी पट्टी असते. तिच्यावर वजन पडलं की दार पडतं. म्हणजे काय करायचं? पट्टीवर वजन टाकायचं नाही! एवढं साधं आहे. हे बघा, प्रात्यक्षिक!"

मी वाकून आत शिरलो. पट्टी ओलांडली. "पाहिलंत?" असं वळून विचारलंही. मग आतल्या गजांमधून हात घातला आणि अगदी गोड आवाजात म्हणालो, "चंपा, पाय उचल बाळ." चंपानं पाय उचलला, कार्ड तोंडात धरलं आणि दोन पावलं मागं सरकली. मी आणखी पुढं झुकलो आणि माझा मागचा गुडघा टेकला. कुठं टेकला ते सांगायला नकोच.

धाड्!

तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. आधी निकिता हसली. समर्थनं दार उचलायचा प्रयत्न केला, पण दाराला खटक्याचं कुलूप होतं आणि किल्ली वनरक्षकाकडे. वनरक्षक चांदवडला! समर्थनं फोन लावला. "साहेब, दार पडलंय!" पुढचं सांगायच्या आत समोरून "आलोच! कोणी जवळ जाऊ नका!" असं ओरडून साहेबांनी फोन ठेवला, आणि नंतर त्यांचा फोन सारखा व्यस्त.

"येतील साहेब," मी आतून म्हणालो. "तोवर चहा दे आणून."

तेवढ्यात उसात सळसळ झाली.

वारा पडला होता. बाकी सगळा ऊस गप्प उभा होता आणि मधलेच शेंडे हलत होते. हलायचे, थांबायचे, थोडं पुढं हलायचे. चंपा कार्ड चघळत होती. तिचा जबडा थांबला. तिनं माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं आणि तिचे कान ताठ झाले. माझी पाचावर धारण बसली!

"समर्थ," मी हळूच हाक मारली.  वळून पाहतो तर दोघंही ट्रॅक्टरवर! समर्थ बॉनेटवर आणि निकिता त्याच्याही वर, म्हणजे त्याच्या खांद्यावर.

"दाजी, तुम्ही नका घाबरू!" समर्थ तिथून कुजबुजला. "तुम्ही पिंजऱ्यात आहात, सर्वांत सुरक्षित तुम्हीच!"

हे खरं होतं. डोक्याला पटत होतं. पण गुडघ्यांना कोण सांगणार? दोन गजांमध्ये किती फट आहे, त्यातून केवढा पंजा येईल, याचा हिशेब माझं डोकं आपोआप करू लागलं. धंदाच तो! मी पिंजऱ्याच्या बरोब्बर मधोमध, सगळ्या बाजूंनी सारख्या अंतरावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. घाम पाठीवरून ओघळत होता आणि तो पुसायलासुद्धा हात हलवायची हिंमत नव्हती. मंजुषाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. ती माझ्याकडे नुसती बघत होती, तशीच.

ट्रॅक्टरवरून दबक्या आवाजात वाद ऐकू येऊ लागला.

"हुलक्यावर बंदीच घातली पाहिजे," निकिता म्हणत होती.

"तूच म्हणायचीस ना, लचका चिमूटभर तोडतो म्हणून?"

"चिमूटभर कोणाचा, ते ठरायचंय अजून!"

"मला तर वाटतं निकिता, अडवूच नये त्याला. त्याला जायचं तिथं जाऊ द्यावं."

म्हणजे दोघांचीही मतं पार उलटी झाली होती. माझ्याच सिद्धांताचं काय करायचं ते मला कळेना. आत येऊ द्यायचं आणि दार लावायचं. दार तर लागलं होतं! मी ओरडायचं ठरवलं, माणसाच्या आवाजाला जनावर बिचकतं म्हणतात. तोंड उघडलं, पण बोबडी वळलेली. गळ्यातून नुसतं "घर्रर्र... घर्रर्र..." एवढंच निघालं.

आणि नेमकं तेव्हाच गाव आलं.

साहेबांनी निघता निघता गावात फोन केला होता. धाड् आवाज वस्तीवर ऐकू गेलाच होता. "बिबट्या सापडला!" म्हणत काठ्या, कोयते, मोबाइल घेऊन जथा निघाला होता. अंधारून आलेलं, पिंजऱ्यात काहीतरी मुटकुळं करून बसलेलं आणि त्यातून घर्रर्र!

"लय मोठा हाय रे!" कोणीतरी ओरडलं.

"गुरगुरतोय बघ कसा!" असं म्हणून एकानं ढेकूळ फेकलं. ते गजावर फुटून माझ्या तोंडात माती गेली. त्यानं एक झालं, आवाज फुटला.

"अरे, मारू नका! मी जावई आहे!"

सगळे दोन पावलं मागं सरले. बिबट्या बोलला याचा धक्का त्यांना बसला, का जावई म्हणाला याचा, देव जाणे. मग वाल्मीकतात्या नावाचे एक म्हातारे पुढं आले. त्यांनी बॅटरी थेट माझ्या डोळ्यांत मारली.

"कोणाचा जावई?"

"बयाबाईंचा!"

"मग बयाबाईला बोलवा," तात्या गर्दीकडे वळून म्हणाले. "तिचं माणूस हाय, तीच ओळखंल."

सासूबाई गर्दी कापत आल्या, मागं मंजुषा. सासूबाईंनी मला पाहिलं, गजांना हात लावला आणि कापऱ्या आवाजात विचारलं, "चंपा बरी हाय ना?"

मंजुषानं कपाळाला हात लावला. "अहो, आत काय करताय तुम्ही?"

"प्रात्यक्षिक," मी म्हणालो. दुसरा शब्दच आठवेना.

साठ-सत्तर मोबाइल माझ्याकडे रोखलेले होते. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पण खरं सांगतो, मला त्या गर्दीबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की रडूच कोसळलं. हसू देत! सळसळ तर थांबली!

वनरक्षक साहेब मोटारसायकलवरून धापा टाकत आले. दार उचललं, मी रांगत बाहेर आलो.  बॅटरी जमिनीकडे करून साहेब पिंजऱ्याभोवती फिरू लागले आणि उसाच्या कडेला थांबले.

"हे बघा."

ओल्या मातीत ठसे होते. ताजे! उसातून बाहेर आलेले आणि पिंजऱ्यापासून जेमतेम बैलगाडीभर अंतरावरून परत वळलेले. तिथली माती दबली होती.

"इथं बसला होता," साहेब म्हणाले. "चांगला निवांत."

 मी मटकन खाली बसलो, तेही त्या ठशांवरच, आणि किंचाळून पुन्हा उठलो. म्हणजे मी घर्रर्र करत होतो तेव्हा तो समोर बसून ऐकत होता!

"काय... काय करत होता तो?" मी विचारलं.

"बघत होता. आत गेलं की दार कसं पडतं, बाहेर का पडता येत नाही, सगळं बघितलं असणार त्यानं, आधी उसातून, मग इथून." साहेबांनी बॅटरी विझवली. "पिंजरा ठेवतो मी अजून. पण हा आता आत पाऊल टाकत नाय. पिंजरा दुसरीकडं नेला तरी नाय."

 सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. पिकलेली बाग त्यांच्या मागं उभी होती. त्या क्षणी बिबट्या परत आला असता तरी चाललं असतं, असं मला वाटलं.

पुढं असं झालं की दुसऱ्या दिवशी मजूर बायका आल्या. कामाला नव्हे, जावई अडकला तो पिंजरा बघायला! घोळक्यानं आल्या, पोट धरधरून हसल्या, आणि आलोच आहोत तर म्हणून बागेत शिरल्या. काढणी होईपर्यंत रोज माझी नक्कल करत, घर्रर्र करत त्या काम करत होत्या. एवढ्या दंग्यात बिबट्या कशाला येतोय! माल वेळेवर निघाला. सासूबाईंनी पेटी पाठवली. वर चिठ्ठी नव्हती, पण द्राक्षं गोड होती.

हुलक्या मात्र चंपानं खाल्ला. त्याला अडवायचा उपाय शेवटी शेळीच निघाली.

बिबट्या अजून तिथंच कुठंतरी आहे. आजूबाजूच्या तीन गावांत मिळून पाच पिंजरे लावलेत, तो एकातही जात नाही. दाराशी येतो, पट्टी बघतो आणि निघून जातो, असं ठसे सांगतात म्हणे. परवा कारखान्यात माझं प्रात्यक्षिक चालू होतं. पुढच्या रांगेतला कामगार घोरत होता आणि मला एकदम त्या जनावराची आठवण आली. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझं प्रात्यक्षिक शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवून पाहणारा आणि पाहिलं तसं वागणारा तो एकटाच!