कमळच्या विहिरीचं पाणी

मुरबाडला पाणी तपासायचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन कमळ वैशाखऱ्याजवळच्या आपल्या पाड्यावर परतली, ती पाच लहान बाटल्या, लाल रंगाचा डबा, ब्रश आणि चांगलाच चढलेला आवाज घेऊन. तळाशी तपासणीची भुकटी असलेल्या बाटलीत विहिरीचं पाणी भरून ठेवायचं. त्यात घाण झिरपली असेल तर दोन दिवसांत ते काळं पडतं, एवढं सोपं काम. पाड्यात विहिरी सहा, बाटल्या पाच. कमळनं स्वतःची विहीर बेलाशक वगळली. भर एप्रिलातही न आटणारं गोड पाणी! आल्यागेल्याच्या हाती तांब्या देऊन ती आधी चव विचारायची, मग काम.

घरोघरी बाटल्या देताना तिनं बजावलं, "जिची बाटली काळी, तिच्या विहिरीवर मी सोता लाल फुली मारनार! पानी प्यायचं बंद, आनि विहिरीजवळचा उकिरडा हलवायचा. कुनाची गय नाय!"

दोन दिवसांनी पाचांतल्या चार बाटल्या काळ्याकुट्ट झाल्या. स्वच्छ राहिली ती एकट्या बुधूबाबाची. त्याच्या उताराखालच्या विहिरीला कमळ आजवर मचूळ म्हणून नाक मुरडत आली होती.

ब्रश घेऊन ती आधी गिरजाकडे गेली.

"थांब गो वैनी!" गिरजा आडवी आली. "ते पानी आमचं नव्हतंच."

"मंग कुनाचं?"

"फुली बसली तर सोयऱ्यांत शोभा होईल, म्हनून चांगल्या विहिरीचं भरलं."

"चांगल्या म्हंजे?"

गिरजानं टेकाडावर बोट दाखवलं. तिथे कमळचीच विहीर होती.

दुसऱ्या घरची बाळी तर उलट तिच्यावरच उखडली. "तूच ना सांगत फिरतेस, माझ्यासारखं पानी तालुक्यात नाय? तुझ्यावर इश्वास ठेवला न् फसले!" तिसऱ्या घरी तेच. चौथ्या दारात कमळनं विचारलंच नाही.

"बाबा, तुमी आपलंच पानी भरलंत?" तिनं बुधूला विचारलं.

"मंग? एका बाटलीपायी तुझं टेकाड कोन चढंल? गुडघे बघ माझे."

कमळ घरी आली. विहिरीपासून दहा पावलांवर सासऱ्यांच्या काळापासूनचा उकिरडा ऐसपैस पसरला होता. आपण किती जणांना आग्रहानं हे पाणी पाजलं, या विचारानं तिला रडूच आलं. मग डोळे पुसून तिनं डबा उघडला.

"आपल्या विहिरीची बाटलीच नव्हती," तिचा नवरा रघू हळूच म्हणाला. "ऱ्हाऊ दे ना."

"मी बोललेय," म्हणत तिनं कठड्यावर हातभर फुली मारली. "आनि तुमी फावडं घ्या."

उकिरडा हलला, विहीर उपसली, औषध पडलं. तोवर कमळ हंडा घेऊन बुधूच्या विहिरीवर जात होती आणि बुधू रोज न चुकता विचारत होता, "चव कशी हाय गो?"

महिन्यानं नव्या बाटल्या आल्या, या वेळी सहा. पाच विहिरींचं पाणी कमळनं स्वतःच्या हातानं भरलं. आपल्या विहिरीची बाटली मात्र तिनं गिरजाच्या हाती दिली. "मी भरली तर लोक बोलतील. तू भर."

गिरजाचा जीव हळहळला. बिचारीनं महिनाभर काय कमी सोसलं होतं? "काय काळजी करू नको वैनी," असं म्हणून ती बाटली घेऊन भराभर उतारानं बुधूच्या विहिरीकडे निघाली.

कमळनं धावत जाऊन तिचा दंड धरला आणि तिला टेकाडाकडे वळवलं.