काचेवरचा कोळी

काच फुकट बदलून मिळणार हे कळल्यापासून बिट्टीचा बाबा इतका खुशीत होता, की गाडीची काच तडकली हे घरात काहीतरी चांगलं घडल्यासारखं वाटायला लागलं होतं. विम्याचे कागद त्याने जेवणाच्या टेबलावर पसरले आणि सतराव्या पानावरची एकच ओळ आईला आणि बायकोला दोन-दोनदा वाचून दाखवली. पुढची काच वर्षातून एकदा मोफत बदलून मिळेल. विम्याचं वर्ष संपायला अकरा दिवस उरले होते.

“चार वर्षं भरतोय. पहिल्यांदा काहीतरी हातात पडतंय,” तो म्हणाला.

“मग आधीच फोडायचीस की,” आजी भाजी निवडता निवडता म्हणाली.

बिट्टीच्या आईला मात्र धड आनंद होत नव्हता, आणि कारण सांगायची सोय नव्हती. अडीच वर्षांच्या बिट्टीला गाडीतल्या तिच्या खुर्चीत बसवून पट्टा लावला, की ती जो सूर लावायची तो पाळणाघराच्या दारापर्यंत. पंचवीस मिनिटं, मध्ये श्वास घेण्यापुरती विश्रांती. आई महिन्याभरापूर्वीच पुन्हा नोकरीवर रुजू झाली होती आणि रोज कानात शिट्टी वाजत असल्यासारखी ऑफिसात पोचत होती. तिच्या साहेबीणबाईंनी तर एकदा बाजूला घेऊन, घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलंही होतं. आणखी पंधरा दिवस बघायचं, नाहीतर राजीनामा, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग एका रविवारी सगळे मिळून बाहेर गेले असताना तो प्रकार झाला. बाबा गाडी चालवत होता, आजी पुढे, आई मागे बिट्टीजवळ. बिट्टीचा सूर टिपेला पोचला होता. तिने भिरकावलेला मोजा शोधायला आई खाली वाकली, तेवढ्यात ठक्क असा आवाज झाला. वर बघते तर पुढच्या काचेवर नाण्याएवढा खळगा आणि त्यातून निघालेले आठ बारीक पाय. पुढे ट्रक होता. ट्रकच्या चाकाखालून दगड उडाला, असा निकाल बाबाने तिथल्या तिथे लावला.

सोमवारी सकाळी बिट्टीने रडायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मग बोट पुढे झालं. “कोळी.”

पंचवीस मिनिटं गाडीत फक्त इंजिनाचा आवाज होता. त्या दिवसापासून सकाळी कोळ्याची विचारपूस व्हायची, कोळी झोपला का, कोळी दूध प्यायला का, आणि कोळ्याकडे बघत बिट्टी मुकाट पाळणाघरात पोचायची. आईने इतकी शांतता गेल्या अडीच वर्षांत ऐकली नव्हती.

पण शांतता सुखाने उपभोगणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती रोज सकाळी पट्टीने कोळ्याचे पाय मोजायची. गुरुवारी एक पाय बोटभर वाढलेला निघाला. त्या रात्री सबंध काच बिट्टीच्या मांडीत येऊन पडलेली तिला स्वप्नात दिसली आणि प्रश्न सुटला. काच बदलायची. हीच ती बाई, जिने प्लास्टिक मुलांना वाईट म्हणून तीन दिवस माहिती वाचून बिट्टीसाठी स्टीलची पाण्याची बाटली आणली होती, जन्मात न फुटणारी. (“केवढी जड आहे गं,” आजी म्हणाली होती, “पोरीला पाणी पाजतेस की व्यायाम देतेस?”) त्याच बाटलीला नंतर पोचा आलेला दिसला, तेव्हा पाळणाघराच्या बाईंना तिने दीड पानी नम्र चिठ्ठीही पाठवली होती.

शनिवारी विमा कंपनीचा तपासनीस आला. किडकिडीत, शांत माणूस. हातात छोटी बॅटरी. सगळं कुटुंब इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडीभोवती उभं राहिलं. त्याने काचेवर बाहेरून बोट फिरवलं. मग आत बसून आतून फिरवलं. मग पुन्हा बाहेर आला.

“दगड उडाला म्हणालात ना सर?”

“हो. पुढे ट्रक होता. आईने पण बघितला.”

“ट्रक बघितला,” आजी म्हणाली. “दगड नाही बघितला.”

“बाहेरून काच गुळगुळीत आहे,” तपासनीस म्हणाला. “खळगा आतून आहे. दगड तुमच्याबरोबर आत बसून आला होता का?”

फुकटची काच पंख लावून उडून चाललेली बाबाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. बिट्टीच्या आईच्या डोळ्यांपुढे तोवर कोर्ट, खोटा अर्ज, आणि तुरुंगाच्या गजाआडून बिट्टीला हात करणारा नवरा असं सगळं येऊन गेलं. तिला राहवलं नाही. त्या दिवशी टोकाची छत्री आपणच पुढे काचेला टेकवून ठेवली होती, हे तिने सांगून टाकलं. त्यावर आजी म्हणाली, छत्रीचं काही सांगू नकोस, माझी डब्यांची पिशवी मांडीवरून पुढे आपटली होती, मला तेव्हाच शंका आली होती, पण म्हटलं कशाला बोला. दोघी बोलून मोकळ्या झालेल्या पाहून बाबानेही खाली बघत कबूल केलं, की रडणं ऐकून डोकं उठलं होतं आणि त्याने हातातला मोबाईल समोर जरा जोरातच टाकला होता.

“गाडी चालवताना मोबाईल हातात?” दोघींनी एकदमच विचारलं, आणि विम्याचा विषय काही मिनिटं बाजूला पडला.

तपासनीस निवांत उभा होता. मग त्याने समजावलं, की मार आतून बसो नाहीतर बाहेरून, चुकून लागलं असेल तर काच मिळते. फक्त अर्जात लिहिलेलं खरं पाहिजे. दगडावर त्याने रेघ मारली. शेजारी लिहिलं: गाडीतली घरगुती वस्तू चुकून लागून. वस्तू कोणती, हे नक्की नाही.

“अठरा वर्षं हे काम करतोय,” कागद पिशवीत टाकत तो म्हणाला. “एरवी एकाचाही हात वर होत नाही. इथे तीन-तीन झाले. मॅडम, कधी कळलंच तर मला कळवा. कामासाठी नाही, असंच.” आणि त्याने आईला आपला नंबर दिला.

काच मंगळवारी बदलली. एक पैसा लागला नाही. बाबाने नव्या काचेतून चारही बाजूंनी बघून घेतलं, जणू पलीकडचं जगही फुकटात नवीन मिळालं होतं.

आईने बुधवारची तयारी परीक्षेसारखी केली. काळ्या कागदाचा कोळी कापून काचेच्या कोपऱ्यात चिकटवला. कोळी त्याच्या आईकडे राहायला गेला, अशी गोष्ट रचली आणि आदल्या संध्याकाळी दोनदा सांगून ठेवली. सकाळी बिट्टीला बसवलं, पट्टा लावला, बाटली हातात दिली, आणि श्वास रोखून गाडी सुरू केली.

बिट्टीने कागदाच्या कोळ्याकडे एकदा बघितलं. “हा नाही.”

“आपला कोळी त्याच्या आईकडे गेलाय ना राजा?”

बिट्टी विचारात पडली. खालचा ओठ पुढे आला, थरथरला. आईने स्टिअरिंग घट्ट धरलं. पण रडणं काही आलं नाही. ओठ आत गेला. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आईला इतकं बरं वाटलं, की राजीनाम्याचा मजकूर तिने मनातल्या मनात खोडूनसुद्धा टाकला. समोरच्या छोट्या आरशात बिट्टीने दोन्ही हातांनी बाटली डोक्यावर उचललेली दिसली.

“पाणी हवंय का बाळा?”

“बोलावते,” बिट्टी म्हणाली.

आईच्या कानाशेजारून काहीतरी सणसणत गेलं. ठक्क. बाटली पुढच्या सीटवर आपटून खाली घरंगळली, जिथे ती त्या रविवारीही सापडली होती. नव्या काचेवर नाण्याएवढा खळगा पडला होता, आणि त्यातून हळूहळू, करकरत, एकेक पाय बाहेर निघत होता.

“आला,” बिट्टी समाधानाने म्हणाली आणि मागे टेकून बसली.

पाळणाघरापर्यंत तिचा आवाज आला नाही. दारात आईने बाईंची माफी मागितली. कशाबद्दल, ते बाईंना कळलं नाही. ती गाडीत येऊन बसली तोच बाबाचा फोन.

“रडली का गं?”

“नाही. अजिबात नाही.”

“बघ. झाली की नाही नव्या काचेची सवय?”

“काचेला झाली,” आई म्हणाली. “संध्याकाळी सांगते.”

मग तिने पोचा आलेली बाटली समोर उभी केली, मागे आठही पाय नीट दिसतील असा फोटो काढला, आणि तपासनिसाला पाठवला. खाली लिहिलं: वस्तू कळली.

उत्तर लगेच आलं. “काच नवीन दिसतेय, मॅडम.”

“हो,” तिने लिहिलं. “म्हणूनच कळली.”