काडेपेटीतला पुरावा

देवरावकाका बिडी ओढत नाहीत, तरी त्यांच्या खिशात काडेपेटी असते. तिच्यात काड्या नसतात, गुरांच्या अंगावरून वेचलेले जिवंत गोचीड असतात. "पुरावा पाह्यजे ना, बावा!" हे त्यांचं पालुपद.

काका आमचे शेजारी, बोरगावकडचे संत्रावाले. लोधीखेड्याला एका लग्नात भटजींनी समई लावायला काडेपेटी मागितली. काकांनी सवयीने आपली पुढे केली. पेटी उघडताच भटजी मंत्र सोडून पाटावर चढले. तेव्हापासून त्या घरचं आमंत्रण काकांना फक्त जेवणाचं येतं.

पण या पेटीची खरी वारी गुरांच्या दवाखान्यात. काकांची चंद्री गाय गोचिडांनी बेजार होती आणि तिथले बाबू दरवेळी म्हणत, "वरून सप्लायच नाही, काका." एकदा काकांचं डोकं फिरलं. त्यांनी सगळा पुरावा डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर ओतला. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तो काय, नसलेलं औषध सापडलं होतं आणि साहेबांच्या खुर्चीवर फवारून संपलंही होतं. खुर्ची अजून ठणठणीत आहे. चंद्री महिनाभरात गोचीडतापाने गेली. मला त्या खुर्चीचा आजही राग येतो.

यंदा आमच्या गौरी कालवडीला गोचीड लागले. तिने चारा सोडला. काकांना घेऊन मी तिला दवाखान्यात नेलं. औषध होतं, पण बाबू म्हणाले, "हिच्या कानात बिल्ला नाही. नंबर नाही तर औषध नाही."

"मग बिल्ला मारा."

"बिल्ले संपले."

काकांनी खिशात हात घातला तसे बाबू दोन पावलं मागे सरकले. पण निघाला पिवळा बिल्ला, चंद्रीच्या कानातला. बाबूंनी नंबर दाबला. कॉम्प्युटरवर चंद्री जिवंत निघाली.

"गाय कुठे आहे?"

काकांनी गौरीच्या पाठीवर हात ठेवला. "हे काय उभी हाय. पुरावा."

बाटली मिळाली. बाहेर आल्यावर मी हळूच म्हटलं, "काका, चंद्री तर..."

"जित्तेपणी तिले दवाई नाही भेटली," काका बिल्ला धोतराने पुसत म्हणाले. "आता भेटून राहिली, त घेऊ दे."

गौरी आता चरते. काका रोज सकाळी गोठ्यात येऊन तिचे कान तपासतात. "चंद्रे, मान वर कर," म्हणतात.

आमच्या घरात कोणी त्यांची चूक काढत नाही. गौरीसुद्धा मान वर करते.