इंग्रजी गाऱ्हाणं

जंगलखात्याचा साहेब गुरुवारी येणार होता आणि नागोजीला गुरांसाठी पुरेसा भारदस्त इंग्रजी शब्द अजून सापडला नव्हता. त्याला अन्न गोड लागेना. ओसरीवर येरझाऱ्या घालता घालता तो मध्येच थांबे, डिक्शनरी उघडे, मिटे आणि पुन्हा चालू लागे.

"आरं, काऊ म्हण की," त्याची आई बायाक्का म्हणाली. "मला बी येतंय तेवढं."

"म्हणूनच न्हाय म्हणायचं, आये!"

गुंजी स्टेशनापासून आत, जंगलाला टेकलेल्या त्या गावात मॅट्रिकपर्यंत जाऊन परत आलेला नागोजी एकटाच. गावामागच्या टेकडीवर गुरं चारायला जंगलखात्याने हरकत घेतली होती. टेकडी गेली तर गुरांना घालायचं काय, या काळजीने गाव बेजार झालं होतं. वडीलधाऱ्या भावकूअण्णांनी नागोजीला बजावलं होतं, "येवढंच इचार, गुरं चरू देता का म्हणून."

एवढंच विचारायचं असतं तर नागोजीने बेळगावहून ती उशीएवढी डिक्शनरी कशाला आणली असती? अखेर गुरांचे 'बोव्हाइन क्वाड्रुपेड्स' झाले, गवताचं 'व्हर्डन्ट हर्बेज' झालं आणि न पाहिलेला साहेब 'मॅग्नॅनिमस' म्हणजे थोर मनाचा ठरला. मग पाठांतर सुरू झालं.

त्याच्या घराण्याकडे रवळनाथाच्या देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान होता. चार माणसांत मोठ्याने बोलायची एकच तऱ्हा तो बापाकडून शिकला होता. शब्द ओढत ओढत चढवायचे आणि थांबायचं. थांबलं की मागून गाव "व्हय म्हाराजा" म्हणायचं. इंग्रजीलाही तीच चाल लागली, आणि हे त्या शहाण्याच्या लक्षातच आलं नाही.

गुरुवारी देवळापुढे खुर्ची मांडली गेली. गोरा साहेब बसला. त्याचा पट्टेवाला जोतिबा दुभाषा म्हणून पुढे झाला, तर नागोजीने त्याला हातानेच मागे सारलं. साहेबाला द्यायचा नारळ छातीशी धरून त्याने डोळे मिटले.

"ओऽ मॅग्नॅनिमस सर! द बोव्हाइन क्वाड्रुपेड्स ऑफ धिस हॅम्लेटऽ..."

तो श्वास घ्यायला थांबला.

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव एका आवाजात म्हणालं.

साहेब खुर्चीतून उडालाच.

"...आर डिझायरस ऑफ व्हर्डन्ट हर्बेजऽ..."

"व्हय म्हाराजा!"

नागोजीला घाम फुटला. थांबलं की गाव ओरडे, म्हणून तो भरभर बोलायला गेला. मग दम लागून जास्तच थांबावं लागे. भावकूअण्णा तर हात जोडून डोलत होते.

शेवटी साहेबाने हात वर केला आणि नाकातून भराभर काहीतरी विचारलं. शब्द लहान आणि सोपे होते, पण गोऱ्याच्या तोंडचं इंग्रजी नागोजीने जन्मात ऐकलं नव्हतं. पुन्हा सांगा म्हणायची लाज वाटली. "अनडाउटेडली, सर," तो 'हो'च्या जागी म्हणाला आणि सवयीने थांबला.

"व्हय म्हाराजा!"

साहेब खूश झाला. जोतिबाला काहीतरी सांगून तो घोड्यावर बसून खानापूरच्या वाटेला लागला. नारळ नागोजीच्या हातातच राहिला.

"शाबास रं तुमची!" जोतिबा खुर्ची उचलत म्हणाला. "टेकडी पाच वर्सं बंद करूया, चालंल न्हवं, असं साहेबांनी इचारलं, आणि तुमी सगळी व्हय म्हाराजा! ह्या नागोजीला टेकडीचा राखणदार नेमलंय. इंग्लिश लई भारी हाय म्हणं त्येचं."

भावकूअण्णांनी नागोजीच्या हातातून नारळ काढून घेतला.

नागोजीला खाकी डगला मिळाला आणि गावाने बोलणं टाकलं. पहिल्याच दिवशी घरची म्हैस सवयीने त्याच्या मागोमाग टेकडीवर गेली. म्हशीच्या मागून गावची गुरं गेली. नेमका तेव्हाच जोतिबा पाहणीला आला, त्यामुळे सगळी गुरं कोंडवाड्यात घालावी लागली. कोंडवाड्याची किल्ली कमरेला लावून नागोजी बाहेर येरझाऱ्या घालत राहिला. आत म्हैस त्याच्याकडे बघून हंबरत होती.

दिवस कलताना बायाक्का आली. हातात तोच नारळ, मागे सगळं गाव. ती त्याच्यापुढे उभी राहिली आणि नवऱ्याच्या चालीत म्हणाली, "बा नागोजी म्हाराजाऽ, म्हस सकाळपास्नं उपाशी हायऽ..."

"व्हय म्हाराजा!"

"डगला घातलास, राखणदार झालास, पर दूध कुणाचं प्यालास ते इसरू नगंसऽ..."

"व्हय म्हाराजा!"

नागोजीला रडू फुटलं. डिक्शनरीतला एकही शब्द आठवेना.

"ने गं आये," तो म्हणाला आणि त्याने दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आला. कोंडवाडा रिकामा होता आणि टेकडीवर गुरं मजेत चरत होती. साहेब लालबुंद झाला. या खेपेला त्याने जोतिबालाच पुढे केलं.

"साहेब इचारत्यात," जोतिबा म्हणाला, "दार काय आपोआप उघाडलं?"

नागोजीने मागे वळून गावाकडे पाहिलं. मग साहेबाकडे तोंड करून त्याने हात जोडले, मोठा श्वास घेतला आणि नुसता थांबला.

"व्हय म्हाराजा!"