आठव्या ओव्हरचे कवडूभाऊ

आमच्या गावच्या टेनिस बॉलच्या मॅचमध्ये पंचाने शेवटच्या ओव्हरची खूण केली, की कवडूभाऊ आपली लाल प्लास्टिकची खुर्ची उचलतात, गर्रकन फिरवतात आणि मैदानाकडे चक्क पाठ करून बसतात. समोर असतं काय? लोकांची लाखोळीच्या डाळीची हिरवी शेतं, चार बगळे आणि एक विजेचा खांब. ओव्हर संपेपर्यंत माणूस त्या खांबाकडे टक लावून बसतो. कान मात्र मागे. गलका झाला की मान न वळवता सांगतात, "चौका गेला." मोठा गलका झाला की, "हा सिक्सर. बॉल विहिरीत पडला." आणि बॉल खरंच विहिरीत पडलेला असतो. मग दोन्ही हात आभाळाकडे फेकून ओरडतात, "लावली पुंजण्याले काडी!"

सावली तालुक्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. पुंजणं म्हणजे कापलेल्या धानाची रचलेली गंजी. रोवणी झाली, निंदण झालं, कापणी झाली, वर्षाची सगळी मेहनत त्या गंजीत. आमच्या टीमचंही तसंच. आठ ओव्हरची मॅच, त्यातल्या सात ओव्हर आम्ही वाघ. आठवी आली की हातातली मॅच समोरच्याच्या ताटात वाढून मोकळे. कवडूभाऊ म्हणतात, "सात ओव्हर मंजे रोवणा अन् निंदण. ते सारेच करते. आठवी ओव्हर मंजे धान घरात आणणं. तेच तुमच्याच्यानं होत नाई!"

आणि ती आठवी ओव्हर गेली बारा वर्षं बहुतेक वेळा मीच टाकतो. काडी लावणारा तो मी.

आता तुम्ही म्हणाल, एवढं बोलतो तर म्हाताऱ्याला मैदानाबाहेर का नाही काढत? कसा काढणार? मैदान त्याचंच आहे. धान निघालं की आमच्याकडे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, लाखोळी येते. सगळे पेरतात, कवडूभाऊ पेरत नाहीत. गावाला लागून असलेली आपली बांधी ते मार्चपर्यंत पोरांना मोकळी सोडतात, वरून धानाची खुंटं स्वतः कुदळीने खणून पिच करून देतात. त्यांची बायको सुमनबाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या राहून दरवर्षी तेच ऐकवतात, "लाखोळी पेरली असती तं वर्षभराची दाळ झाली असती. आता खा चौके अन् छक्के!" कवडूभाऊ उत्तर देत नाहीत. सुमनबाईंना त्यांनी आयुष्यात एकदाही उत्तर दिलेलं मी ऐकलं नाही. तो सगळा साठा आमच्यासाठी राखून ठेवलेला.

घरात दोघंच. एकुलता एक मुलगा विनोद माझ्याच वर्गातला, आता पुण्याला कंपनीत. कवडूभाऊ म्हणजे पासष्टीचा वाळका माणूस, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर दुपट्टा, आणि आवाज असा की मॅचला लाऊडस्पीकर कशाला आणतात असं वाटावं.

आठवी ओव्हर टाकणाऱ्या सगळ्यांची त्यांनी बारशी केलेली आहेत. एकाचं नाव 'नळ', कारण सुरू झाला की बंद होत नाही. दुसरा 'जावई', कारण त्याला बॉल द्यावा लागतो मानाने आणि तो करत काही नाही. माझं नाव 'भंडारा'. म्हणजे देवळापुढचं गावजेवण. कोणीही या, बसा, पोटभर खा. मी धावायला सुरुवात केली की पाठमोरे कवडूभाऊ हाक देतात, "बसा गा बसा, पंगत बसा! भंडारा सुरू झाला!"

गावात माझी पिठाची चक्की आहे. हे नाव चक्कीपर्यंत पोचायला एक दिवस लागला. आता दळण घेऊन येणाऱ्या बाया सरळ विचारतात, "भंडारेवाले भाऊ, माहे गहू झाले का?" त्यांना वाटतं, ते माझं आडनाव आहे.

हे सगळं मी सहन केलं असतं. सहन नाही झाला तो शालिक.

शालिक वैनगंगेच्या पलीकडच्या गावचा. लुकडा, डावखुरा, न बोलणारा पोरगा. त्यांच्या टीमची आठवी ओव्हर तो टाकतो आणि मॅच घरी घेऊन जातो. कवडूभाऊ त्याला बघायला सायकलवर पूल ओलांडून जातात. परत आले की घरी न जाता आधी माझ्या चक्कीवर येऊन पोत्यावर बसतात.

"पाच रन पायजे होते. पाच. किती देल्ले असतीन त्यानं?"

मी चक्कीच्या पट्ट्यावर लक्ष असल्यासारखं दाखवायचं.

"दोन! त्यातला एक बाय. अन् तू? तुले पंचवीस देऊन ठेवले तरी पुरत नाई."

"भाऊ, दळण आणलं का?"

"कायचं दळण? मी तुले सांगून राह्यलो, बॉल असा पायात पडते त्याचा. असा! जसा मापून ठेवला. बॅट वर येतच नाई."

आणि पीठ उडत असलेल्या त्या खोलीत धोतर खोचून ते मला शालिकचा यॉर्कर करून दाखवायचे. डाव्या हाताने. दळणाला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

खोटं कशाला सांगू, मी जळायचो. नुसता नाही, आतून करपायचो. बॅट्समन धुतात त्याचं मला काही वाटत नव्हतं, तो त्यांचा धंदा आहे. पण कवडूभाऊंच्या तोंडून 'शालिक' ऐकलं की माझं जेवण जायचं. दुपारी चक्की बंद करून मी मागच्या अंगणात कोंड्याचं पोतं उभं करायचो आणि त्याच्या बुडाशी यॉर्कर टाकायचो. दहातले नऊ बरोबर पडायचे. पोत्याला मी कधीच फुलटॉस टाकला नाही. एकदा बायकोने विचारलं, "रात्री झोपेत शालिक शालिक करता. सवत हाय का माही?" मी म्हटलं, "तुही नाई, माही हाय."

मला काय पाहिजे होतं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. कवडूभाऊंनी एकदा, फक्त एकदा, खुर्ची न फिरवता माझी ओव्हर बघावी आणि म्हणावं, "चांगली टाकली." कप नको, शिल्ड नको, एवढंच. बारा वर्षांत ते झालं नाही.

यंदा मात्र कहर झाला. आमच्याच गावची स्पर्धा, आणि कमिटीने ठरवलं की बाहेरून एक खेळाडू आणायचा. हल्ली सगळी गावं आणतात. कोण आणला? शालिक! मला सांगायला कमिटीची तीन माणसं चक्कीवर आली, तीही दळणाचा डबा हातात घेऊन, म्हणजे सहज आल्यासारखी. "तू टीममध्ये हासच गा. फक्त आठवी ओव्हर तो टाकन." मी म्हटलं, "मग मी काय करू? पंगत वाढू?" त्यांनी डबा पुढे केला. मी टीममधून नाव काढून घेतलं आणि त्यांचं पीठ जाडंभरडं दळून दिलं.

फायनलला जायचं नाही असं ठरवलं होतं. पण जळणाऱ्या माणसाला घरी बसवत नाही. गेलो, आणि जागा मिळाली ती नेमकी कवडूभाऊंच्या खुर्चीशेजारी, धुऱ्यावर. समोर मूल गावाकडची तगडी टीम. आमच्या पोरांनी सात ओव्हर जीव तोडून बॉलिंग केली. शेवटच्या ओव्हरला त्यांना नऊ पाहिजे होते. पंचाने खूण केली, शालिकने बॉल हातात घेतला.

मी कवडूभाऊंकडे बघितलं. आता खुर्ची उचलतील, मग उचलतील. माणूस जागचा हलला नाही. हाताची घडी, पायावर पाय, तोंड मैदानाकडे. बारा वर्षं मला पाठ दाखवली आणि हा पलीकडचा पोरगा आला तर डोळे भरून बघताय?

शालिकने सहा बॉल टाकले. पायात, पायात, पायात. चौथ्यावर एक रन. पाचव्यावर विकेट. सहावा पुन्हा पायात. संपलं. आम्ही जिंकलो! पोरं मैदानात घुसली, बँडवाल्याने सूर पकडायच्या आधीच नाच सुरू झाला, नळ आणि जावई गळ्यात गळे घालून रडले. सुमनबाईंनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. बक्षीस वाटताना कवडूभाऊंनी पुढे जाऊन शालिकच्या गळ्यात शेला घातला, हातात नारळ दिला आणि म्हणाले, "लय चांगली टाकली, बेटा."

माझे शब्द. बारा वर्षं मी ज्यांची वाट पाहिली ते शब्द, शेल्यासकट दुसऱ्याला.

माणसं पांगली. ऊन उतरलं होतं. कवडूभाऊ एकटेच बाउंड्रीच्या बांबूच्या काड्या उपटून मोळी बांधत होते. मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. मदत करायला नाही, भांडायला.

"झालं ना मनासारखं? आला ना तुमचा शालिक? जिंकले ना?"

"जिंकलो," ते म्हणाले आणि पुढची काडी उपटली.

"मग तोंड काऊन उतरलं?"

त्यांनी मोळी खाली ठेवली. "मजा नाई आली बे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "आँ?"

"सहा बॉल टाकले पोट्ट्यानं. साहाच्या साहा बरोबर. मी बसलो हाताची घडी घालून. धडधड नाई, काही नाई. अन् चुकला असता तरी काय बोललो असतो? पाहुणा हाय तो. पाहुण्याले कोणी शिव्या देते का? शेला द्यायचा, नारळ द्यायचा, पाठवून द्यायचं."

ते बांधीच्या कडेला बसले, म्हणून मीही बसलो.

"विनोद आला होता दिवाळीले," ते एकदम म्हणाले. "चार दिवस होता. नऊ नऊ वाजेपर्यंत झोपे. पह्यले मी त्याले लाथ घालून उठवत होतो, तुले मालूम हाय. ह्या खेपेस दोनदा दारात गेलो अन् वापस आलो. चार दिवसांसाठी आलेल्या माणसाले काय उठवू? जातानी पाया पडला. म्हणे, बाबा, माहं काई चुकलं असन तं सांगा. म्हटलं, नाई गा. सारं बरोबर हाय."

त्यांनी मोळीची गाठ पुन्हा आवळली.

"घरात आता बोलाले कोणी नाई. सुमनले बोलून पाह्यलं असतं, पर तिले मी भेतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गावात एक तू हास. तुले बोललो की जेवण गोड लागते. आता कमिटी तुलेच काढून राह्यली. पुढच्या वर्षी त्याईले बांधी पायजे असन तं आठवी ओव्हर तू टाकशीन. मी सांगतो त्याईले."

"भाऊ, हरू आपण."

"हरू! हरलं मंजे बांधी वाहून जाते का?" आणि मग त्यांचा तो लाऊडस्पीकर एकदम सुरू झाला. "पर पह्यले तो फुलटॉस बंद कर, भैताडा! बारा वर्षं झाले! उठ! आण बॉल! टाक माह्यापुढे!"

मी टाकला. पहिला बरोबर पडला. दुसरा फुलटॉस. कवडूभाऊ अर्धा तास असे काही ओरडले की सुमनबाई घरातून पदर खोचत धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला. इतक्या शिव्या मी एका दिवसात कधी खाल्ल्या नव्हत्या, आणि घरी जाताना मी चक्क शीळ वाजवत होतो.

पण स्वभावाला औषध नाही. शालिक डोक्यातून गेला आणि त्याच्या जागी विनोद येऊन बसला. माझा बाप मी सातवीत असताना वारला. मला लाथ घालून उठवायला घरात कोणी नव्हतं. मी आपला शहाण्यासारखा पाच वाजता उठून चक्की सुरू करायचो. आणि ह्या गड्याला असा बाप रोज फुकट मिळाला होता आणि हा पुण्याला जाऊन बसला! मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला फोन लावला. चार गोष्टी सुनावणारच होतो. पण आधी मॅचचं सांगितलं, मग त्या फुलटॉसचं, मग कवडूभाऊंनी मला बांधीत उभं करून कशा शिव्या दिल्या ते.

विनोद हसला नाही.

"बाबा तुले अजून शिव्या देते का रे?" त्याने विचारलं.

"देते ना. रोज देते."

"मले नाई देत आता," तो म्हणाला. "मले आता 'जेवला का बेटा' म्हणते."

त्याचा आवाज मला लगेच ओळखू आला. बारा वर्षं मी दुसरं केलं काय होतं? गडी माझ्यावर जळत होता.