तात्पुरत्या नंबराला इस्त्री

काकांनी नव्या व्हॅनच्या तात्पुरत्या नंबराला इस्त्री केली आणि नंबर गेला.

कागद चुरगळला होता, एवढाच त्याचा गुन्हा. शोरूमवाल्याने तो काचेला आतून चिकटवून दिला होता. पक्की पाटी येईपर्यंत हाच नंबर. तो वाचता आला नाही तर गाडी रस्त्यावर आणायची नाही, असा नियम. पण चुरगळलेली वस्तू दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही, हा लाँड्रीचा नियम त्याहून जुना. काकांनी कागद सोडवला, पाण्याचा हबका मारला, इस्त्री फिरवली. कागद निघाला दुकानातल्या बिलाच्या जातीचा, ऊब लागताच काळा पडणारा. कोळसा झाला, पण एक सुरकुती नाही.

"आता यावर वाचायचं काय?" मावशींनी नवऱ्याला विचारलं. लाँड्री त्यांची, व्हॅनही त्यांचीच.

"कडक मात्र झालाय," काका म्हणाले.

भांडायला वेळ नव्हता. इस्पितळाच्या चादरींची पहिली खेप दुपारच्या आत पोचली नाही, तर काम समोरच्या मशीनवाल्या लाँड्रीकडे जाणार होतं. काकांनी पुठ्ठ्यावर नंबर लिहिला, काचेला टेकवला आणि दोघं निघाले. पहिल्याच चौकात हवालदाराने हात केला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. अक्षर बरंय ना?"

"अक्षर छान आहे. गाडी बाजूला घ्या."

मावशींनी शोरूमला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "दुसरा कागद देतो की. पण चासी नंबर बघावा लागेल, गाडी घेऊन या." हवालदार म्हणाला, "कागदाशिवाय गाडी इंचभर हलणार नाही." असले नियम करणाऱ्यांच्या डोक्यावर एकदा ओल्या चादरींचा गठ्ठा ठेवून त्यांना उन्हात उभं करायला हवं. मावशी मात्र चिडल्या नाहीत. चिडून डाग जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक.

"मग गाडी इथेच राहू दे?"

"चौकात? छे. उचलून चौकीत नेणार."

क्रेन आली, व्हॅन तिच्या पाठीवर चढली.

"न्या," मावशी म्हणाल्या. "पण आतल्या चादरी इस्पितळाच्या आहेत. त्याही जप्त का?"

हवालदाराने व्हॅनच्या मागच्या काचेतून आत डोकावलं.

"नाही, ऑपरेशन अडलं आणि कुणी विचारलं तर नाव सांगायला हवं. तुमच्या बिल्ल्यावरचं वाचता येतंय. छापील आहे."

हवालदाराने टोपी काढली, पुन्हा घातली. "आधी इस्पितळात ने रे," तो क्रेनवाल्याला म्हणाला.

"मग शोरूमला," मावशी म्हणाल्या. "चासी दाखवायचीय. क्रेनवर गाडी चालत नाही, नुसती बसते."

याच्या विरुद्ध नियम काही त्याला आठवेना.

इस्पितळाचा भांडारप्रमुख जन्मात कुणाला चांगलं न म्हणणारा. तो दारात आला. क्रेनवर बसून आलेल्या व्हॅनभोवती फिरला, चाकावर बोट फिरवून पाहिलं.

"रस्त्याची धूळसुद्धा लागू देत नाही तुम्ही?"

काका खरं सांगायला तोंड उघडणार, तोच मावशींनी त्यांचा पाय दाबला.

"पडदे, टॉवेल, डॉक्टरांचे कोट, सगळं आजपासून तुमच्याकडे," भांडारप्रमुख म्हणाला. "अट एकच. गाडी रोज अशीच आली पाहिजे."

"येईल की," मावशी म्हणाल्या आणि क्रेनवाल्याकडे वळल्या.

"दादा, उद्या सकाळी काय करतोयस?"